अँगल पेलतो, पण पिळतो

शेडच्या छपरावर किंवा विजेच्या टॉवरवर काम करणाऱ्याच्या सेफ्टी बेल्टचा हूक बऱ्याचदा एखाद्या लोखंडी अँगललाच अडकवलेला असतो. १०० किलोचा माणूस त्यावर उभा राहिला तरी अँगल हलत नाही, मग काळजी कसली? पण माणसाचे वजन वेगळे आणि पडणाऱ्या माणसाला अडवताना बसणारा झटका वेगळा. तोच माणूस १.८ मीटर मोकळा पडून पुढच्या १० सेंटिमीटरमध्ये थांबला, तर सरासरी बल साडेअठरा किलोन्यूटनवर जाते. म्हणजे सुमारे १,९०० किलो टांगल्यासारखे. थांबायला मीटरभर मिळाले तर ते पावणेतीनवर उतरते. पट्ट्यातल्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरची शिवण मुद्दाम उसवेल अशी घातलेली असते ती यासाठीच. युरोपीय मानकानुसार त्याने झटका ६ किलोन्यूटनच्या आत ठेवायचा असतो.

हे ६ किलोन्यूटन अँगलवर कुठून उतरतात, हा खरा प्रश्न आहे, आणि नेमका तोच विचारला जात नाही. भिंतीतून १५० मिलिमीटर बाहेर आलेला ६५ × ६५ × ६ चा अँगल घ्या. त्याची एक बाजू उभी, एक आडवी. नुसती कातर तपासली, तर उभ्या बाजूवर प्रति चौरस मिलिमीटर सरासरी १५ न्यूटन ताण येतो. साध्या पोलादाची कातरीतली मर्यादा १४४ च्या आसपास, त्यामुळे गणित तिथेच मिटवायचा मोह होतो. मात्र अँगलचे कातर-केंद्र, म्हणजे जिथून बल गेले तर अँगल पिळत नाही तो बिंदू, दोन्ही बाजू मिळतात त्या कोपऱ्यात असते. हूक आडव्या बाजूच्या भोकात, कोपऱ्यापासून ३२ मिलिमीटरवर असेल, तर तेच बल अँगलला पिळू लागते आणि एकट्या पिळाचा ताण १२९ वर पोचतो. वाकण्याचा ताण याशिवाय, तोही सुमारे १४५. दोन्ही एकत्र धरले की साध्या पोलादाची ओढीतली २५० ची मर्यादा ओलांडली जाते, आणि सुरक्षिततेचा गुणक तर अजून लावलेलाच नाही. अँगलसारखा उघडा आकार पिळाला किती नमतो ते पाहायचे, तर कागदाला मधून घडी घालून पिळा आणि मग त्याचीच कडा चिकटवून केलेली सुरळी पिळून पाहा. फरक हाताला कळेल. याच अँगलइतके पोलाद, तेवढ्याच जाडीच्या गोल पाइपात असते, तर पिळाविरुद्धचा ताठरपणा बत्तीसपट झाला असता.

पोलाद लवचिक आहे, वाकेल पण तुटणार नाही आणि वाकताना झटका शोषूनच घेईल, असे यावर म्हटले जाते. म्हणणे निराधार नाही. आयुष्यात एकदाच येणाऱ्या भारासाठी अँगल कायमचा वाकला तर हरकत नसावी. पण हा दिलासा अँगलच्या मधल्या भागापुरता आहे. टोकाला एकच बोल्ट असेल, तर पीळ भिंतीपर्यंत पोचवायला तिथे फारसे काही उरत नाही. शिवाय अँगल पिळला की हुकावरचा ओढा तिरका होतो आणि भार त्याच्या दांड्याऐवजी झडपेवर येऊ शकतो. लांब अँगलमध्ये पिळाआधी वाकणेच घात करते, हा आक्षेपही मान्य. त्याने अँगल सुरक्षित ठरत नाही, धोक्याची जागा फक्त बदलते.

छपरावर उभे राहून एवढी आकडेमोड कोण करणार? कोणी करू नये. ती ड्रॉइंग काढतानाच व्हावी. अमेरिकेतल्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेचा नियम अँकर माणशी २२.२ किलोन्यूटनचा मागतो, नाहीतर जाणकाराच्या देखरेखीखाली दुप्पट सुरक्षिततेने आखलेला. ६ किलोन्यूटनची दुप्पट १२, आणि आपला अँगल सहालाच थकला होता. तोच हूक उभ्या बाजूच्या भोकात घेतला, तर खाली येणारे बल कातर-केंद्राजवळून जाते आणि पीळ जवळजवळ नाहीसा होतो. वाकण्याचा हिशेब तेवढा उरतो. टॉवरवर पट्टा गुंडाळायचा तर तिरप्या अँगलच्या मधोमध नको, मुख्य खांबाला जिथे अँगल येऊन मिळतात त्या सांध्याच्या वर हवा, आणि अँगलची धार पट्टा कापू नये म्हणून मध्ये जाड अस्तर हवे.