कोड्यांकडून कोडकडे
मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांच्या मुलाखतींचा मागोवा घेताना असे आढळते, की उमेदवाराची पारख करण्यासाठी कंपन्यांनी निवडलेली प्रत्येक कसोटी उमेदवारांना ती अवगत होईपर्यंतच उपयोगी ठरली, आणि त्यानंतरही ती सोडून देण्यास कंपन्यांनी बराच विलंब लावला. आयबीएमने 1955 मध्ये प्रोग्रामरांसाठी अभियोग्यता चाचणी, म्हणजे पूर्वज्ञानापेक्षा शिकण्याची क्षमता मोजणारी परीक्षा, तयार केली, तेव्हा प्रोग्रामिंग शिकलेली माणसेच दुर्मीळ असल्याने अंकमालिका, आकृत्यांमधील साम्य आणि अंकगणिती तर्क यांवर भिस्त ठेवण्यावाचून कंपनीपुढे फारसा पर्याय नव्हता.

पुढे मायक्रोसॉफ्टने याच तर्कपरीक्षेला कोड्यांचे रूप दिले. रस्त्यावरील मॅनहोलचे झाकण गोल का असते, हा त्यांतील सर्वांत गाजलेला प्रश्न होय. गोल झाकण कसेही फिरवले तरी आत पडत नाही, हे त्याचे प्रचलित उत्तर असले, तरी उत्तरापेक्षा विचार करण्याची रीत पाहायची आहे, असे मुलाखतकार सांगत. विल्यम पाउंडस्टोन यांनी 2003 मध्ये या कोड्यांवर पुस्तकच लिहिले आणि गुपित उरले नाही. भारतात आयटी कंपन्यांच्या कॅम्पस निवडीसाठी विद्यार्थी शकुंतला देवींची कोड्यांची पुस्तके घेऊन बसत, ती याच प्रथेची देशी आवृत्ती. गूगलने तर 2004 मध्ये कॅलिफोर्नियातील महामार्गावर कंपनीचे नावही न छापता फलक लावला आणि ‘ई’ या गणिती स्थिरांकाच्या सलग अंकांत आढळणारी पहिली 10 अंकी मूळ संख्या शोधणाऱ्यांना एका संकेतस्थळाकडे नेले. जाहिरात म्हणून ही कल्पना अप्रतिम होती. निवडीची पद्धत म्हणून तिचे मूल्य वेगळे.

ही कोडी उमेदवाराच्या पुढील कामाबद्दल काहीच सांगत नाहीत, केवळ विचारणाऱ्याला आपण हुशार असल्याचे समाधान देतात, अशी कबुली गूगलचे तत्कालीन मनुष्यबळप्रमुख लास्लो बॉक यांनी 2013 मध्ये दिली. वास्तविक श्मिट आणि हंटर या मानसशास्त्रज्ञांनी 1998 मध्येच असंख्य अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून, प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेणे आणि संरचित मुलाखत, म्हणजे सर्वांना तेच प्रश्न विचारून ठरलेल्या निकषांवर गुण देणे, या पद्धती अनौपचारिक गप्पांपेक्षा विश्वसनीय असल्याचे दाखवले होते. गूगलच्या स्वतःच्या आकडेवारीनुसारही चार मुलाखतींनंतर घेतलेल्या फेऱ्यांमुळे निर्णयाच्या अचूकतेत फारशी भर पडत नव्हती.

कोड्यांची जागा कोडने घेतली. डेटा स्ट्रक्चर (माहिती साठवण्याची रचना) आणि अल्गोरिदम (गणनेची क्रमवार रीत) यांवरील प्रश्न व्हाइटबोर्डवर सोडवायचे, आणि माहिती वाढत गेली तर वेळ व स्मृती किती लागेल तेही सांगायचे, असे या फेरीचे स्वरूप असते. परंतु गेल लाकमन मॅकडॉवेल यांचे 2008 मधील मार्गदर्शक पुस्तक आणि त्यानंतरचे लीटकोडसारखे सरावमंच यांमुळे हाही एक पाठ्यक्रमच झाला. पुण्यातील अभियांत्रिकीचा विद्यार्थी आज डेटा स्ट्रक्चर व अल्गोरिदमचे ‘डीएसए’ हे लघुरूप एखाद्या विषयाच्या नावाप्रमाणे उच्चारतो. होमब्रू या लोकप्रिय सॉफ्टवेअरचे कर्ते मॅक्स हॉवेल यांनी 2015 मध्ये, बायनरी ट्री (माहितीची द्विशाखी रचना) उलटवता न आल्याने गूगलने आपल्याला नाकारले, असे जाहीरपणे लिहिले, तेव्हा सराव आणि कर्तृत्व यांतील अंतर उघड झाले.

अनुभवी उमेदवारासाठी सिस्टिम डिझाइनची, म्हणजे लाखो वापरकर्त्यांचा भार पेलणाऱ्या प्रणालीचा आराखडा मांडण्याची फेरी अधिक निर्णायक असते, कारण तेथे एकच बरोबर उत्तर नसते. ॲमेझॉनमध्ये कंपनीच्या नेतृत्वतत्त्वांच्या आधारे पूर्वीच्या कामातील प्रसंग विचारले जातात, आणि ‘बार रेझर’ हा दुसऱ्या विभागातील मुलाखतकार नकाराधिकार बाळगून उपस्थित असतो. भरतीची घाई असलेल्या व्यवस्थापकाला आवर घालण्याची ही युक्ती कोड्यांहून कितीतरी शहाणपणाची म्हणावी लागेल.

2020 च्या महासाथीत मुलाखती पडद्यावर गेल्या, आणि पुढे उत्तर पुरवणारी कृत्रिम बुद्धिमत्ताही त्याच पडद्यावर अवतरली. निदान एक फेरी समोरासमोर घेण्याची प्रथा पुन्हा सुरू होत असल्याचे गूगलचे प्रमुख सुंदर पिचाई यांनी 2025 मध्ये सांगितले.