फ्लॉरेन्सचा वसंत आणि आर्नोकाठची छत्री

आज साऱ्या युरोपाचे वर्ष भर हिवाळ्यात सुरू होते. इटलीतील फ्लॉरेन्स नगराची रीत मात्र कित्येक शतके निराळी होती. देवदूताने मेरीस ख्रिस्तजन्माची वार्ता सांगितली तो २५ मार्चचा दिवस हाच तेथील वर्षारंभ मानीत. १ जानेवारीपासून वर्ष मोजण्याची पद्धत त्या नगराने १७५० साली स्वीकारली. त्यामुळे तेथील जुन्या दप्तरांत जानेवारी-फेब्रुवारीची तारीख आढळली, तर अभ्यासकास साल एकाने वाढवून वाचावे लागते. आपला चैत्री पाडवाही याच सुमारास येतो. झाडांना पालवी फुटली की नवे वर्ष सुरू झाले, हा हिशेब मराठी माणसास समजावून सांगण्याची गरज नाही!

म्हणूनच फ्लॉरेन्स पाहावे ते वसंतात. एप्रिलमध्ये टेकड्यांवरील बागांतून जांभळ्या फुलांचे घोस लोंबू लागतात, आणि मे महिन्याच्या आरंभी आयरिसची फुले बहरतात. नगराच्या राजचिन्हावर जे फूल आहे, ते लिली म्हणून ओळखले जात असले तरी वस्तुतः हे आयरिसच होय. ईस्टरचा सण याच दिवसांत येतो. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेमागून येणारा रविवार तो ईस्टर. तेव्हा हा सणही आपल्या सणांप्रमाणे चंद्रावर अवलंबून आहे. त्या दिवशी सकाळी पांढरे बैल एक उंच, शृंगारलेला गाडा ओढीत मुख्य देवालयासमोर आणतात. गाड्यात दारूकाम भरलेले असते. देवालयातील वेदीपासून गाड्यापर्यंत तार बांधलेली असते आणि तीवरून कबुतराच्या आकाराचा एक बाण पेटता सुटतो, गाड्यास आग लावतो आणि आल्या वाटेने परत फिरतो. कबुतराचा हा फेरा बिनचूक झाला, तर यंदा पीक चांगले येणार अशी समजूत आहे. बैल, अग्नी आणि पिकाची चिंता या गोष्टी जेथे एकत्र येतात तेथे परकेपणा फार वेळ टिकत नाही.

देवालयाच्या घुमटाविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. सुमारे ४५ मीटर रुंदीचा हा अष्टकोनी घुमट ब्रुनेलेस्की याने १४२० ते १४३६ या काळात उभारला, तोही जमिनीपासून लाकडी आधार न देता. एवढ्या उंचीचा सांगाडा उभारण्याजोगे लाकूड मिळणेच कठीण होते. त्याने एकात एक असे दोन घुमट बांधले आणि विटांच्या आडव्या थरांत ठरावीक अंतरावर उभ्या विटा बसवून नागमोडी साखळी गुंफली. त्यामुळे चुना ओला असतानाही वरचा थर खाली घसरत नसे. उफ्फीत्सीच्या चित्रशाळेत तर प्रवाशाचा सबंध दिवस सहज जातो. ज्यास घाई असेल त्याने निदान बोत्तिचेल्लीचे ‘वसंत’ हे चित्र पाहावे. त्यातील फुले इतकी नेमकी रंगविली आहेत, की वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्यांतील पुष्कळांची जातवार ओळख पटविली आहे.

सामान्य प्रवासी एवढे पाहून रोमची गाडी पकडतो. परंतु मराठी प्रवाशाने आणखी अर्धा दिवस राखून ठेवावा.

फ्लॉरेन्स हे काही वर्षे इटलीचे राजधानीचे शहर होते, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. इटली एक झाली तेव्हा रोम पोपच्या ताब्यात होते, म्हणून १८६५ साली राजधानी तुरीनहून येथे आणण्यात आली. पोज्जी नामक स्थापत्यविशारदाने नदीच्या उत्तरेकडील जुना तट पाडून त्या जागी रुंद रस्ते काढले. सप्टेंबर १८७० मध्ये इटलीच्या सैन्याने रोम घेतले आणि पुढच्याच वर्षी राजधानी तिकडे गेली. फ्लॉरेन्सच्या वाट्यास रस्ते आणि कर्ज तेवढे उरले.

या दोन घटनांच्या मधल्या अल्प काळात कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज फ्लॉरेन्सला आले. १८६६ साली ते गादीवर बसले होते. समुद्र ओलांडणे हे धर्मबाह्य मानण्याचा तो काळ, परंतु इंग्रजी शिकलेल्या या तरुण राजाने १८७० च्या उन्हाळ्यात विलायतेचा प्रवास केला. राज्यावर असताना विलायतेस गेलेल्या हिंदू राजांत त्यांची गणना अगदी पहिल्यांत होते. तेथे त्यांनी राणी व्हिक्टोरियाची भेट घेतली, संस्था पाहिल्या आणि रोजनिशी लिहिली. कॅप्टन वेस्ट यांनी ती १८७२ साली लंडनमध्ये प्रसिद्ध केली. परतीच्या वाटेवर महाराजांची प्रकृती ढासळली आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्येच त्यांचे देहावसान झाले. त्यांना एकविसावे वर्ष चालू होते. या नगराचा वसंत काही त्यांच्या दृष्टीस पडला नाही.

आता सोबतच्या मंडळींपुढे प्रश्न उभा राहिला तो दहनाचा. ख्रिस्ती देशात प्रेताचे दफन व्हावयाचे; दहनाची सोय तेथे कोठून असणार? इटलीतील पहिली आधुनिक दहनभूमी मिलान येथे सुरू झाली ती १८७६ साली. कवी शेली याचे दहन याच तोस्काना प्रांतात, समुद्रकिनाऱ्यावर १८२२ मध्ये झाले होते खरे, परंतु ते साथरोगाच्या नियमांमुळे. येथे धर्माचा प्रश्न होता. नगराच्या अधिकाऱ्यांनी खास परवानगी दिली, आणि जागा ठरली ती काशिने नावाच्या उपवनाच्या पश्चिम टोकास, जेथे मुन्योने हा ओढा आर्नो नदीस मिळतो तेथे. पंचगंगेच्या आणि प्रयाग चिखलीच्या सान्निध्यात वाढलेल्या माणसांनी परक्या मुलखातही संगमच शोधला. रात्रीच्या अंधारात चिता रचून विधिपूर्वक दहन झाले आणि रक्षा प्रवाहात सोडण्यात आली. आर्नोचे पाणी काही गंगेचे नव्हे. परंतु सरणासाठी संगमाची जागा मिळाली, एवढे समाधान त्या मंडळींस खासच लाभले असेल.

चार वर्षांनी, १८७४ साली, त्या जागी स्मारक उभे राहिले. चार खांबांवर नक्षीदार छत्री आणि तिच्याखाली महाराजांचा रंगीत अर्धपुतळा. पुतळा घडविला फ्लॉरेन्समध्ये राहणाऱ्या फुलर या इंग्रज शिल्पकाराने; छत्रीची आखणी मेजर मँट यांची. कोल्हापूरचा नवा राजवाडा पाहिलेल्यास हे नाव नवे नाही. तोही मँट यांच्याच आराखड्यावरून बांधलेला आहे. राजाच्या दहनाच्या जागी छत्री उभारणे ही आपली रीत. ती इंग्रजांच्या हातून इटलीत पोहोचली, हा योगायोग मोठा मौजेचा आहे.

तेथे जाण्यास पायी चालणे उत्तम. एके काळी मेदिची घराण्याचे गोठे आणि शिकारीचे रान असलेले हे उपवन नदीच्या उजव्या तीरास सुमारे साडेतीन किलोमीटर लांब पसरले आहे. वसंतात ते कोवळ्या पानांनी भरून जाते. सुट्टीच्या दिवशी मुले, सायकलस्वार आणि कुत्र्यांना फिरविणारे लोक यांची तेथे वर्दळ असते. छत्रीच्या आसपासच्या जागेस गावकरी ‘इंडियानो’, म्हणजे ‘हिंदी माणूस’, एवढ्याच नावाने ओळखतात. १९७८ साली जवळच आर्नोवर पोलादी तारांनी तोललेला मोठा पूल पुरा झाला. त्यासही ‘हिंदी माणसाचा पूल’ हेच नाव मिळाले आणि त्यावरून रोज मोटारींची रीघ वाहत असते.