श्वासालाही वंश?
धायरीतला एखादा १० वर्षांचा मुलगा रात्री खोकून बेजार होतो. डॉक्टर त्याला स्पायरोमीटरच्या नळीत जोराने फुंकायला लावतात. समजा, पहिल्या सेकंदात दीड लिटर हवा निघाली. अपेक्षा दोन लिटरची धरली, तर हे ७५ टक्के, कमीच. पण यंत्रात ‘आशियाई’ अशी नोंद करून अपेक्षाच १० टक्क्यांनी उतरवली, की तोच श्वास ८३ टक्के, म्हणजे ‘ठीक’! दमा मात्र जागच्या जागी.

वंश पाहून केलेली ही वजावट सोडावी, अशी शिफारस अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने २०२३ मध्ये केली. फुप्फुसे धुराने, कुपोषणानेही लहान राहतात. त्याला वंश कसे म्हणावे? तेव्हा पालकहो, अहवाल पाहून निर्धास्त होण्यापूर्वी डॉक्टरांना दोन गोष्टी अवश्य विचारा: माप कोणते लावले? आणि औषध ओढल्यावर श्वास किती वाढला?