चौकट चुकली की तसबीर गेली!

पावसाळा ओसरू लागला की शहरातील फ्रेमवाल्यांच्या दुकानांत एक ठरावीक दृश्य दिसते. वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेली तसबीर काउंटरवर ठेवली जाते. आत आजोबांचा, नाहीतर आई-वडिलांच्या लग्नातला, घरात उरलेला एकुलता एक फोटो असतो आणि त्याच्यावर ढगासारखा चकचकीत डाग पसरलेला असतो. ‘काच काढून आतून पुसून द्या,’ एवढीच मागणी असते. जाणता कारागीर मात्र काचेला हात लावण्याआधी थांबतो. डाग काचेवर नसतो. फोटोच काचेला चिकटलेला असतो आणि काच उचलली तर तिच्याबरोबर चेहराही उचलला जाण्याची भीती असते.

छायाचित्राच्या कागदावर जिलेटिनचा पातळ थर असतो. प्रतिमा त्यातच असते. हा थर दमट हवेत फुगतो, मऊ होतो आणि समोर काच टेकलेली असेल तर तिच्यावर बसून तसाच वाळतो. मुंबई आणि कोकणपट्टीत जुलै-ऑगस्टमध्ये हवेतील सापेक्ष आर्द्रता दिवसचे दिवस ८० टक्क्यांच्या वर राहते. बुरशी धरावयास ६५ ते ७० टक्केही पुरतात. म्हणजे फोटो काचेला थेट टेकवून बसविणे हे या हवेत नुकसानीला आमंत्रणच होय. तरीही असंख्य घरांतील फोटो तसेच बसविलेले आढळतात, कारण त्यात पुठ्ठा वाचतो आणि चौकट लहान होऊन पट्टीचे पैसेही वाचतात.

चित्राभोवती जो पांढरा किंवा फिकट रंगाचा कापलेला पुठ्ठा दिसतो, ज्याला बाजारात ‘माऊंट’ म्हणतात, तो शोभेसाठी असतो असा सार्वत्रिक समज आहे. त्याचे खरे काम निराळे आहे. साधारण दीड मिलिमीटर जाडीचा हा पुठ्ठा चित्र आणि काच यांच्यात हवेचा थर राखतो. ज्यांना माऊंट नको असेल त्यांनी काचेच्या कडेने, खाचेत लपेल अशी तीन ते सहा मिलिमीटरची बारीक पट्टी बसवून घ्यावी. वारली चित्रे, पिंगुळीच्या चित्रकथी परंपरेतील चित्रे, खडूने किंवा कोळशाने काढलेली रेखाटने यांना तर हे अंतर अत्यावश्यकच आहे. वारली चित्रांतील पारंपरिक पांढरा रंग तांदळाच्या पिठाचा. म्हणजे ओल आली की बुरशीला आणि कसरीला आयते अन्न.

मात्र पुठ्ठा असणे एवढेच पुरेसे नाही, तो कसला आहे हेही पाहावे लागते. साधा पुठ्ठा लाकडाच्या लगद्यापासून होतो. त्यातील लिग्निन कालांतराने आम्ल निर्माण करते आणि ते शेजारच्या कागदात झिरपते. जुनी तसबीर उघडली की चित्राच्या कडेने, माऊंटच्या खिडकीबरहुकूम, एक तपकिरी रेघ उमटलेली दिसते ती हीच. ती धुळीची नसते, कागद जळल्याची असते आणि पुसून जात नाही. यावर उपाय म्हणजे आम्लरहित पुठ्ठा, ज्याला दुकानात ‘अ‍ॅसिड-फ्री’ म्हणतात. पण येथेही ग्राहकाने डोळे उघडे ठेवावेत. काही पुठ्ठ्यांचा केवळ वरचा कागद आम्लरहित असतो, गाभा लगद्याचाच. अशा माऊंटची तिरकी कापलेली कड काही वर्षांत पिवळी पडून आपली जात सांगते. कापसाच्या धाग्यांपासून केलेला पुठ्ठा सर्वांत विश्वासार्ह आणि अर्थातच सर्वांत महाग. शंका असल्यास सामू तपासण्याचे पेन मिळते. कडेवर रेघ ओढली की ती जांभळी होते किंवा पिवळी, पिवळी झाल्यास पुठ्ठा आम्लधर्मी समजावा. दर्शनी बाजूला उत्तम माऊंट आणि पाठीमागे मात्र किराणा मालाच्या खोक्याचा तुकडा, असा प्रकारही सर्रास चालतो. चित्राला पाठ आणि पोट दोन्ही असते, हे विसरून चालत नाही.

पाठीमागच्या फळीबाबत पूर्वीच्या पिढ्यांनीही चूक केली होती. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापखाना सुरू केला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलविण्यात आला. तेथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी मराठी घरांच्या देवघरांत आणि माजघरांत गेल्या. जुन्या तसबिरींच्या मागे पातळ लाकडी फळ्या ठोकण्याची पद्धत होती. अशा चित्रांवर आज उभे-आडवे तपकिरी पट्टे दिसतात. दोन फळ्यांच्या फटीतून आलेली हवा आणि लाकडातील आम्ल यांनी मिळून काढलेला तो नकाशा आहे. आता फळ्यांची जागा हार्डबोर्ड आणि एमडीएफने घेतली असली, तरी एमडीएफमधूनही फॉर्माल्डिहाइड आणि आम्लयुक्त वाफा निघत राहतात. ती फळी वापरायचीच असेल तर तिच्यात आणि चित्रात आम्लरहित पुठ्ठ्याचा एक थर हवाच.

याच एमडीएफवर फोटो चिकटवून वर प्लॅस्टिकचा पापुद्रा चढविण्याचे ‘लॅमिनेशन’ गेली अनेक वर्षे लोकप्रिय आहे. स्वस्त, हलके, काच फुटण्याची भीती नाही. स्पर्धेतील प्रशस्तिपत्रकाच्या प्रतीला ते ठीकच आहे. परंतु मूळ फोटो किंवा मूळ पदवी प्रमाणपत्र त्यात कधीही देऊ नये. एकदा चिकटविलेला कागद सुखरूप परत निघत नाही. चित्र धरून ठेवण्याचा योग्य मार्ग म्हणजे वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्या, गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने चिकटविलेल्या. ही खळ पाण्याने सुटते. उलट सेलोटेपचा चिकटा काही वर्षांत पिवळा पडतो आणि कागदात उतरतो. मग पट्टी गळून पडते, डाग राहतो.

काचेचा विचार लोक चमक आणि किंमत यांपुरताच करतात. दोन मिलिमीटर जाडीची साधी काच दर चौरस मीटरला पाच किलो भरते. दोन फूट बाय तीन फूट तसबिरीत नुसत्या काचेचेच वजन पावणेतीन किलोच्या पुढे जाते, तीन मिलिमीटरची घेतली तर सव्वाचार किलोच्या आसपास. अ‍ॅक्रिलिकचे वजन तेवढ्याच जाडीच्या काचेच्या निम्म्याहून कमी असते आणि ते फुटून चित्रात घुसत नाही. मात्र त्याला ओरखडे लवकर पडतात, शिवाय घासले की स्थिर विद्युत निर्माण होऊन खडूची किंवा कोळशाची भुकटी त्याच्याकडे ओढली जाते. त्या चित्रांना काचच योग्य. साधी काच अतिनील किरणांचा काही भागच अडवते. जी काच ते जवळजवळ पूर्णपणे गाळते ती बरीच महाग असते. ती घेऊनही तसबीर खिडकीसमोर टांगली तर रंग उडणारच, कारण दृश्य प्रकाशही रंग खातो. कागदावरील कामांसाठी वस्तुसंग्रहालये साधारण ५० लक्स प्रकाशाची मर्यादा पाळतात. भर दुपारी खिडकीशेजारच्या भिंतीवर याच्या कितीतरी पट प्रकाश पडतो. तेव्हा पैसे कमी असतील तर काच साधी घ्यावी आणि भिंत बदलावी.

कॅनव्हासवरील तैलचित्राला बहुधा काच लागत नाही. मात्र पाठ झाकलेली हवी आणि कॅनव्हास चौकटीत आवळून ठोकलेला नसावा.

एवढे सगळे साहित्य उत्तम घेतले तरी कोपरे उघडे राहिले तर धूळ, कसर आणि ओल यांना वाट मिळते. हा भाग सर्वस्वी कारागिराच्या हत्यारांवर अवलंबून असतो आणि ग्राहकाला तो दिसत नाही. चौकटीला चार कोपरे म्हणजे पंचेचाळीस अंशांचे आठ काप. प्रत्येक कापात अवघी अर्ध्या अंशाची चूक एकाच दिशेने झाली तर तीन कोपरे घट्ट जुळवल्यावर चौथा चार अंशांनी उघडा राहतो. ही अर्ध्या अंशाची चूक येते कोठून? बहुतेक वेळा यंत्र बिघडलेले नसते. करवतीच्या आडपट्टीशी साचलेला भुसा किंवा अडकलेली चिलपी हे कारण असते. दहा सेंटिमीटर अंतरात एक मिलिमीटरची चिलपी पट्टीला अर्ध्या अंशाहून अधिक तिरकी करते. त्यामुळेच चांगल्या दुकानात दर कापानंतर ब्रश फिरतो आणि सकाळी पहिल्या पट्टीआधी गुण्या लावून कोन तपासला जातो. उघडा राहिलेला कोपरा लांबी भरून आणि वर सोनेरी रंग लावून झाकता येतो, तसे केलेही जाते. एक-दोन पावसाळ्यांत लाकूड हलते आणि लांबी गळते.

पायाने दाबून चालणाऱ्या कापयंत्रात दोन पाती काटकोनात बसविलेली असतात आणि दोन्ही मिठ्या एकदम कापतात. पाते बोथट झाले की ते लाकूड कापण्याऐवजी चिरडते. सागवानात सिलिका असल्याने त्यावर धार लवकर जाते. जाड पट्टी एका दमात न कापता टप्प्याटप्प्याने चावत न्यावी लागते. धार लावताना दोन्ही पाती जोडीनेच द्यावी लागतात, अन्यथा एक लहान, एक मोठे होऊन कोनच बदलतो. कोपऱ्यावरच्या धारवाल्याकडे सुक्या सहाणेच्या चाकावर पाते दिले तर ते तापून त्याचे पाणी उतरते. थंड पाण्याच्या धारेखाली घासणारा कारखानाच गाठावा लागतो. हा वेळ आणि खर्च कारागिराच्या बिलात कोठेही लिहिलेला नसतो. तो पट्टीच्या फुटाच्या भावात मुरलेला असतो आणि भाव पाडला की सर्वप्रथम धारच मागे पडते.

कोपरे जोडणाऱ्या यंत्रातून ‘व्ही’ आकाराच्या चुका खालून ठोकल्या जातात. यंत्र हवेच्या दाबावर चालणारे असेल तर पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीत रोज पाणी साचते. संध्याकाळी खालची तोटी उघडून ते सोडले नाही तर नळीतून पाणी पुढे जाते, यंत्र गंजते आणि दाब कमी पडून चूक अर्धवट घुसते. सांधा खरा धरतो तो डिंक. चुका केवळ डिंक वाळेपर्यंतचा आधार. डिंक न लावता नुसत्या चुका ठोकलेली चौकट हातात घेऊन कोपरा हलकेच पिळला तर तत्काळ ओळखू येते. ग्राहकाने ही परीक्षा दुकानातच करावी, त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

माऊंट कापण्याचे पाते स्वस्त असते आणि तरीही तेच सर्वांत जास्त वाचविले जाते. टोक बोथट झालेल्या पात्याने कड केसाळ होते आणि कोपऱ्यावर काप वाकतो. खाली टाकाऊ पुठ्ठा ठेवला तर पात्याचे टोक टिकते. त्या यंत्राच्या दांडीला भरपूर तेल घालणे ही नवख्यांची चूक, ते थेट पांढऱ्या माऊंटवर उतरते. काच कापण्याच्या चाकाला मात्र रॉकेलचा थेंब हवा. रेघ एकाच हाताने, एकदाच ओढायची. तीच रेघ पुन्हा गिरवली की चाक खराब होते आणि काच भलतीकडेच तडकते. टेबलावरचा काचेचा कण झटकला नाही तर पुढच्या गिऱ्हाइकाच्या काचेवर ओरखडा आलाच.

तसबीर घरी आल्यावर बाकीचे काम घरच्यांचे. पावसाचा मारा बसणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर ती टांगू नये. मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे किंवा रबराचे तुकडे लावले की भिंत आणि फळी यांत हवा खेळते. दोन हूक एकापेक्षा बरे. समुद्राजवळ लोखंडी तार गंजून तुटते, तेव्हा ती दरवर्षी पाहावी. पुसताना पाणी किंवा फवारा काचेवर मारू नये, फडक्यावर घ्यावा. काचेवरून ओघळलेले पाणी खालच्या खाचेत शिरते आणि माऊंट ते शोषून घेतो. दिवंगतांच्या फोटोला ओले गंध लावण्याची आणि ताज्या फुलांचा हार घालण्याची आपली रीत याच कारणाने तसबिरीला महाग पडते. अशा अनेक चौकटींच्या तळाशी कुंकवाचा लाल ओघळ आतपर्यंत उतरलेला सापडतो. मूळ फोटो कपाटात कोरड्या जागी आणि भिंतीवर त्याची चांगली प्रत, ही सोय बहुतेकांना परवडण्याजोगी आहे. हार आणि गंध प्रतीला घातल्याने भावनेत उणेपणा येत नाही.

आणि काचेला चिकटलेल्या त्या फोटोचे काय? तो घरी पाण्यात भिजवू नये, पात्याने सोडवू नये, केस वाळविण्याच्या यंत्राने गरम करू नये. सर्वप्रथम काचेसकट त्याचे स्कॅनिंग करून घ्यावे, म्हणजे पुढे काही झाले तरी प्रतिमा हाती राहते. त्यानंतर काचेसह तो तसाच, आडवा ठेवून, प्रशिक्षित संवर्धकाला दाखवावा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला संवर्धनाचे केंद्र आहे. अशा जाणकारांकडे विचारणा करता येते. काही फोटो सुटतात, काही सुटत नाहीत. न सुटणारे फोटो संवर्धक काचेसकटच राहू देतात आणि नव्या चौकटीत त्या जुन्या काचेपुढे दुसरी काच बसविली जाते.