गूगोल म्हणजे अनंत नव्हे

‘गूगल’ हे नाव ‘गूगोल’वरून आलं, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. घोळ होतो तो त्यापुढे.

गूगोल म्हणजे अनंत, हा पहिला गैरसमज. एकावर शंभर शून्यं, एवढाच त्याचा अर्थ. सेकंदाला एक शून्य लिहिलंत तरी दोन मिनिटांच्या आत काम उरकतं. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले गणिती एडवर्ड कॅस्नर यांना नेमकं हेच ठसवायचं होतं : संख्या कितीही अजस्र असो, ती अनंत होत नाही. तिचं बारसं त्यांनी नऊ वर्षांच्या भाच्याकडून, मिल्टन सिरोटाकडून, करून घेतलं. त्यामुळे या शब्दाचं लॅटिन किंवा ग्रीक मूळ शोधण्यात अर्थ नाही. कॅस्नर आणि जेम्स न्यूमन यांच्या ‘मॅथेमॅटिक्स अँड द इमॅजिनेशन’ या १९४०च्या पुस्तकाने तो घरोघरी पोचवला.

मिल्टनने ‘गूगोलप्लेक्स’ही सुचवला. व्याख्या : एक लिहायचा आणि दमेपर्यंत शून्यं काढत राहायचं! कॅस्नरना हे पटेना. तसं केलं तर दमसास जास्त म्हणून मुष्टियोद्धा कार्नेरा आइनस्टाइनपेक्षा मोठा गणिती ठरला असता. शेवटी ठरलं, एकावर गूगोल शून्यं. ही संख्या मात्र कुणालाच लिहून काढता येणार नाही. दृश्य विश्वातले अणूच मुळी साधारण एकावर ८० शून्यं एवढे. इतकी शून्यं मांडायची कशावर?

‘असले आकडे व्यवहारात येतात कुठे?’ सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर ६९चं फॅक्टोरियल काढा, उत्तर मिळेल. ७०चं काढा, बहुतेक यंत्रं ‘एरर’ दाखवतील. ७०चं फॅक्टोरियल म्हणजे ७० माणसं एका रांगेत जितक्या प्रकारे उभी राहू शकतात, तो आकडा. तो गूगोल ओलांडतो आणि यंत्राची धाव तिथेच संपते.

गुंतवणूकदार अँडी बेक्टोल्शाइम यांनी चेकवर चुकीचं स्पेलिंग लिहिलं म्हणून कंपनीला ‘गूगल’ नाव पडलं, ही कथाही टिकत नाही. तो एक लाख डॉलरचा चेक ऑगस्ट १९९८चा. डोमेन १५ सप्टेंबर १९९७लाच नोंदलं गेलं होतं. चूक झाली ती आधीच, स्टॅनफर्डमध्ये. तिथल्या शॉन अँडरसन या विद्यार्थ्याने ‘गूगोलप्लेक्स’ सुचवलं, गूगलचा सहसंस्थापक लॅरी पेज याने ते छाटून ‘गूगोल’ केलं. डोमेन मोकळं आहे का, हे बघताना अँडरसनने स्पेलिंग चुकवलं आणि पेजला तेच आवडलं, असं तिथले सहकारी सांगतात.

राहिला व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा ‘ग्लोबल ऑर्गनायझेशन ऑफ ओरिएंटेड ग्रुप लँग्वेज ऑफ अर्थ’ हा फुलफॉर्म. तो निव्वळ बनावट आहे. स्पर्धा परीक्षेसाठी कुणी पाठ करत असेल, तर वेळीच थांबवा.