स्नायूत उगवलेले हाड

कोंबडीच्या पायाचे स्वच्छ केलेले हाड काही दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवले, की ते रबरासारखे वाकते. हा प्रयोग आपण वर्गात करतो. आम्लात कॅल्शियमचे क्षार विरघळतात, मागे उरतो तो मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाचा सांगाडा, एवढे सांगून आपण पुढच्या धड्याकडे वळतो. पुढच्या वेळी मात्र पुढील हकिगतही सांगावी, असे आम्हाला वाटते.

अमेरिकेतील अस्थिशल्यचिकित्सक मार्शल युरिस्ट यांनी अशीच आम्लाने क्षार काढलेली हाडे प्राण्यांच्या स्नायूंत बसवली. काही आठवड्यांनी तेथे नवे हाड तयार झाले. स्नायूत हाड! बसवलेल्या तुकड्यातील पेशी तर केव्हाच मेलेल्या होत्या. म्हणजे हाड बांधले ते त्या प्राण्याच्या स्वतःच्या पेशींनी. तुकड्याने फक्त निरोप दिला. युरिस्ट यांनी हे १९६५ मध्ये प्रसिद्ध केले. निरोप देणाऱ्या प्रथिनांना पुढे ‘बीएमपी’ हे नाव पडले. हाडात ती अत्यल्प असतात. १९८८ मध्ये त्यांची जनुके हाती आली, तेव्हा कुठे ती पुरेशी बनवता येऊ लागली.

येथे एक गैरसमज टाळायला हवा. तयार स्नायुतंतूचे हाड होत नाही. तंतूंच्या आसपास अजून पक्की दिशा न घेतलेल्या पेशी असतात, त्या निरोप ऐकतात.

मग काचेच्या बशीतच जबडा का वाढवू नये? अडचण रक्ताची आहे. पेशींच्या पातळ थराला भोवतालच्या द्रवातून प्राणवायू मिळतो. जाड तुकड्याच्या गाभ्यातील पेशी गुदमरतात. म्हणून जर्मनीतील कील येथील शल्यचिकित्सकांनी रुग्णाच्या शरीरालाच प्रयोगशाळा केले. गाठीच्या शस्त्रक्रियेत खालच्या जबड्याचा भाग गमावलेल्या एका माणसासाठी त्यांनी टायटॅनियमच्या जाळीचा मापाचा पिंजरा बनवला. त्यात हाडातील खनिजाचे ठोकळे, रुग्णाचीच अस्थिमज्जा आणि ७ मिलिग्रॅम बीएमपी-७ घालून तो त्याच्या पाठीच्या स्नायूत ठेवला. सात आठवड्यांनी पिंजरा रक्तवाहिन्यांसह काढून जबड्यात बसवला. २००४ मध्ये हा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. तोवर रुग्ण चावून खाऊ लागला होता.

निरोप देण्याइतकेच तो थांबवणेही महत्त्वाचे. एका दुर्मीळ आनुवंशिक विकारात स्नायूंच्या जागी आपोआप हाड उगवत जाते आणि सांधे जखडतात. बीएमपीचा निरोप घेणाऱ्या एका प्रथिनाच्या जनुकात दोष असल्याचे २००६ मध्ये कळले. हे नको असलेले हाड शस्त्रक्रियेने काढले, तर त्या जखमेत आणखी हाड उगवते.