वऱ्हाडातील गिन्नी : संग्रहमूल्य आणि पुरावामूल्य

प्रस्तावना :
अमेरिकेतील यादवी युद्ध (१८६१-६५) आणि वऱ्हाडचा कापूस यांचा संबंध इतिहासाच्या व अर्थशास्त्राच्या अभ्यासकांस परिचित आहे. दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाल्याने लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानी कापसाकडे वळल्या, भाव कडाडले आणि अमरावती, अकोला, खामगाव येथील बाजारपेठांत अभूतपूर्व पैसा आला. याच युद्धाचे पडसाद नाणेसंग्रहाच्या क्षेत्रातही उमटले, हे मात्र सहसा ध्यानात घेतले जात नाही.

शार्लट व डालोनेगा या अमेरिकेच्या दक्षिण भागातील टांकसाळींत १८३८ पासून केवळ सोन्याची नाणी पाडली जात. युद्ध सुरू होताच १८६१ मध्ये त्या बंद पडल्या व पुन्हा कधीच नाणी पाडू शकल्या नाहीत. मुळात त्यांचे उत्पादन अल्प. त्यामुळे ही नाणी आज दुर्मीळ ठरली आहेत. पुढे १९३३ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या आदेशाने नागरिकांकडील सोने सरकारजमा झाले आणि परत आलेल्या असंख्य नाण्यांच्या लगडी झाल्या. दुर्मीळ नाण्यांना त्यातून सूट होती. म्हणजे संग्राहकाच्या पेटीतील नाणे वाचले, बँकेच्या तिजोरीतील वितळले.

वऱ्हाडची स्थिती :
येथे अशी सूट देणारे कोणी नव्हते. नाण्याचे भवितव्य सोनाराच्या मुशीवर अवलंबून राहिले. वऱ्हाडातील जुन्या घरांत आढळणारी 'गिन्नी' म्हणजे वस्तुतः ब्रिटिश सॉव्हरिन होय. वजन ७.९८ ग्रॅम, कस २२ कॅरेट, शुद्ध सोने सुमारे ७.३२ ग्रॅम. अशी गिन्नी कापसाच्या तेजीतील समजणे साहजिक असले, तरी तेजीतला पैसा मुख्यतः चांदीच्या रुपयांत आला होता. सॉव्हरिनला १५ रुपये दराने कायदेशीर चलनाचा दर्जा मिळाला तो १८९९ मध्ये. नाण्यावर सातव्या एडवर्डचा वा पाचव्या जॉर्जचा मुखवटा असेल, तर ते १९०१ नंतरचे, हे उघड आहे. घराण्याची आठवण आणि नाण्यावरील साल यांत विरोध आल्यास सालच प्रमाण मानावे.

सालाइतकेच महत्त्व टांकसाळीच्या खुणेला आहे. सेंट जॉर्ज व ड्रॅगन यांच्या चित्राखालील जमिनीवर 'एस' असल्यास सिडनी, 'एम' असल्यास मेलबर्न, 'पी' असल्यास पर्थ. मुंबईच्या टांकसाळीत सॉव्हरिन केवळ १९१८ या एकाच वर्षी पाडले गेले. त्यांवर 'आय' हे अक्षर असून त्यांची संख्या सुमारे १३ लाख होती. ही खूण पाहण्यास साधे भिंगही पुरते, पण विक्रीच्या घाईत ती क्वचितच पाहिली जाते.

विक्रीची ही घाई नवी नाही. १९३१ च्या सप्टेंबरात ब्रिटनने सुवर्णपरिमाण सोडले, सोन्याचा रुपयातील भाव वाढला आणि मंदीने गांजलेल्या खेड्यांतून सोने मोठ्या प्रमाणावर देशाबाहेर गेले. जानेवारी १९६३ च्या सुवर्ण नियंत्रण नियमांनी दागिन्यांखेरीजचे सोने जाहीर करण्याचे बंधन घातले. त्यानंतरचा १९६८ चा कायदा १९९० मध्ये रद्द झाला. नाण्याला कडी जोडून ते गळ्यात घालण्याची रीत यापूर्वीचीच असली, तरी अशा काळात दागिना होणे नाण्याच्या पथ्यावर पडले असावे. कडीच्या डाकाने नाण्याचे बाजारातील संग्रहमूल्य घटते. अभ्यासकाच्या दृष्टीने मात्र तो डाक हाच नाणे कसे वापरले गेले याचा पुरावा आहे. तो काढू नये. रिठ्याने वा ब्रशने नाणे घासून उजळूही नये.

केवळ वजन व कस पाहून अस्सलपणाचा निर्वाळा देता येत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यास बैरुतसारख्या ठिकाणी पूर्ण कसाच्या नकली सॉव्हरिनही तयार झाल्या. त्यामुळे अक्षरांचे कंगोरे, कडेचे दाते आणि मुखवट्याच्या केसांचे बारकावे ताडून पाहणे अगत्याचे ठरते.

कायद्याच्या बाबतीत संग्राहकांत बरेच अज्ञान आढळते. १९७२ च्या पुराणवस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे पुराणवस्तू ठरते व खाजगी व्यक्तीस त्याची निर्यात करता येत नाही. जुना वाडा पाडताना भिंतीत वा जमिनीत नाणी सापडल्यास १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो. सापडलेल्या ऐवजाची किंमत दहा रुपयांहून अधिक असल्यास जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळविणे सापडणाऱ्यावर बंधनकारक आहे.